राळ घट्ट होण्याआधी

घरच्या घरी शिडाची होडी बांधायला सुतारकीत हात मुरलेला असावाच लागतो असं नाही, हे १९६३ साली ‘मिरर’ नावाच्या छोट्या होडीनं जगाला पटवून दिलं. ब्रिटनमधल्या ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राच्या पाठबळावर ती आली. रचना जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची, लांबी १० फूट १० इंच. प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेनं एकमेकांना शिवायचे आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी रेझिनमध्ये भिजवून बसवायची, एवढीच तिची युक्ती. आजवर अशा ७० हजारांहून जास्त होड्या झाल्या.

जुन्या पद्धतीत आधी सांगाडा उभा करायचा आणि मग एकेक फळी तासून, वाकवून त्यावर बसवायची. इथे क्रम उलटा. सपाट तक्त्यावर आखलेल्या आकारांच्या कडा एकमेकींना भिडवल्या की होडीचा आकार आपसूक उभा राहतो, कारण तो त्या कडांच्या वळणातच असतो. प्लायवूड एका दिशेनं छान वाकतं, पण वाटीसारखं दोन्ही दिशांनी खोलगट होत नाही. आराखडा काढणारा ही मर्यादा धरूनच रेषा आखतो. म्हणून नकाशातली मापं ‘डोळ्याला बरी दिसतात’ म्हणून बदलू नयेत.

या पद्धतीची खरी गंमत मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. इथली जवळजवळ प्रत्येक चूक काही काळ फुकटात दुरुस्त होते. तार सैल केली, पाचर सरकवली, की झालं. इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून लावायची आणि मग घट्ट होणारी राळ, एकदा घट्ट झाली की त्याच चुकीसाठी ग्राइंडर काढावा लागतो, आणि काही चुकांना तर ग्राइंडरही पुरत नाही. त्यामुळे कुठलं काम कसं करायचं, याच्या बरोबरीनं त्या कामानंतर नेमकं काय कायमचं बंद होणार आहे, हे आधी माहीत असणं फार महत्त्वाचं.

पहिली अशी गोष्ट म्हणजे होडीचं आकारमान. आवडलेला नकाशा ‘थोडा मोठा’ करण्याचा मोह बहुतेकांना होतो. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी दहा टक्के वाढवली तर शिडाचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं, पण होडी बाजूला सारते त्या पाण्याचं आकारमान ३३ टक्क्यांनी वाढतं. तिन्ही मापं एका पटीत वाढली तरी जोर, वजन आणि तोल एका पटीत वाढत नाहीत. मोठी होडी हवी असेल तर मोठ्या होडीचाच नकाशा घ्यावा. पहिल्या खेपेला तीन ते साडेतीन मीटर लांबी पुष्कळ झाली. आणि जिथे बांधायची त्या खोलीचं दार आधी मोजावं, चौकटीच्या आतून. वरच्या कडेला पट्ट्या बसल्या की रुंदी पाच-सहा सेंटीमीटरनं वाढते, ती त्या मापात धरावी.

प्लायवूडबद्दल मात्र सढळ हातानं लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. साधं प्लायवूड आणि मरीन प्लायवूड यांत फरक फक्त गोंदाचा असतो असा समज आहे. गोंद तर महत्त्वाचा आहेच, तो उकळत्या पाण्यातही सुटता कामा नये. पण त्याइतकाच महत्त्वाचा आहे आतल्या थरांचा सलगपणा. स्वस्त तक्त्यात आतल्या पापुद्र्यांचे तुकडे जोडताना फटी राहतात, बाहेरून त्या दिसत नाहीत. असा तक्ता वाकवला की नेमका फटीवर मोडतो. न मोडला तर ती फट पाण्यासाठी बोगदा होते आणि एका कडेनं शिरलेलं पाणी हातभर लांब लाकूड कुजवतं. बीएस १०८८ हे ब्रिटिश मानक गोंद आणि थर दोन्हींसाठी आहे, पण शिक्का पाहून थांबू नये. तक्त्याच्या चारही कडा उजेडात धरून पाहाव्यात. काळी रेघ किंवा छोटं भोक दिसलं तर पातळ तार आत घालून बघावी, ती सरळ आत गेली तर तो तक्ता बाजूला. एक पट्टी कापून तासभर पाण्यात उकळायची, कोरडी करायची, असं तीन-चारदा करायचं. थर सुटले तर प्रश्नच मिटला.

जाडी सहसा सहा मिलिमीटर. ओकुमे लाकडाचा २४४० बाय १२२० मिलिमीटरचा असा तक्ता साधारण आठ-नऊ किलो भरतो. तीन मीटरच्या साध्या होडीला चारेक तक्ते लागतात. मजबुतीसाठी म्हणून नऊ मिलिमीटरचा तळ घालू नये. वाढलेलं वजन प्रत्येक वेळी उचलावं लागतं आणि नाळेकडचं, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडचं, वळणही त्या जाडीत बसत नाही.

तक्ता आठ फुटांचा आणि होडी दहा फुटांची, म्हणजे जोड आला. दोन पर्याय आहेत. एक तिरका सांधा: दोन्ही टोकं १ ला ८ उताराची रंधून एकमेकांवर चिकटवायची, म्हणजे सहा मिलिमीटरच्या तक्त्याला ४८ मिलिमीटरचा उतार. दोन्ही तक्ते एकावर एक, वरचा ४८ मिलिमीटर मागे सरकवून ठेवले तर रंधा एकाच वेळी दोन्हींवर चालतो आणि प्लायवूडच्या थरांच्या रेघाच सांगतात उतार सरळ आहे की नाही. त्या रेघा समांतर दिसल्या की काम बरोबर. दुसरा पर्याय सोपा, टोकाला टोक लावून मागून प्लायवूडचीच पट्टी चिकटवायची. पण तो भाग वाकत नाही, म्हणून जिथे वळण जास्त तिथे तिरकाच सांधा हवा.

आखणीत नकाशातले बिंदू तक्त्यावर मांडून प्रत्येकावर बारीक खिळा ठोकायचा आणि त्यांना टेकवून गाठ नसलेल्या सरळ रेषांच्या लाकडाची लवचीक पट्टी वाकवायची. मग खाली बसून, डोळा पट्टीच्या पातळीला आणून तिच्या लांबीतून पाहायचं. एखादा बिंदू दोन मिलिमीटरनं चुकला असेल तर उभ्यानं तो दिसत नाही, या कोनातून लगेच खुपतो. तिथला खिळा काढून पट्टीला तिच्या मनानं वळू द्यायचं. आकडा आणि पट्टी यांत थोडं भांडण झालं तर पट्टीचं ऐकावं. मोठं झालं तर बिंदू मांडताना चूक झालेली असते, पुन्हा मोजावं. कापताना रेषेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापून, डावी-उजवी फळी एकत्र क्लॅम्प करून रेषेपर्यंत रंधायची. दोन्ही फळ्या थोड्या चुकल्या तरी सारख्याच चुकलेल्या असतील, तर होडी सरळ चालते. एकच चुकली तर ती आयुष्यभर एका बाजूला ओढते.

शिवण्यासाठी साधारण एक मिलिमीटर जाडीची तांब्याची तार चालते. भोकं कडेपासून आठ-दहा मिलिमीटरवर, दर १०० ते १५० मिलिमीटरला एक. नाळेजवळ ती ५० मिलिमीटरवर आणावीत, तिथे ताण सगळ्यात जास्त असतो. पहिल्या फेरीत सगळ्या तारा सैल ठेवायच्या. एकेक तार पक्की करत पुढे गेलात तर सगळी तफावत शेवटच्या टोकाला साठते आणि तिथे कडा एकमेकींवर चढतात. पीळ नेहमी एकाच दिशेनं द्यायचा, म्हणजे सैल करताना विचार करावा लागत नाही. नाळेकडचं प्लायवूड फारच अडून बसलं तर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं अर्धा तास शेकून वाकवावं आणि पूर्ण सुकल्याशिवाय तिथे इपॉक्सी लावू नये.

आता होडी पहिल्यांदा होडीसारखी दिसते, आणि घाई इथेच होते. या क्षणी तिच्यात हमखास पीळ असतो, डोळ्याला न दिसणारा. होडी दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे सुतारी टेकणांवर, ठेवून नाळेजवळ, मध्यावर आणि मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, अशा तीन सरळ पट्ट्या आडव्या टाकायच्या. मागे चार पावलं जाऊन एक डोळा मिटून पाहायचं. तिन्हींच्या वरच्या कडा एकमेकींत मिसळल्या पाहिजेत. एक जरी तिरकी दिसली तरी पीळ आहे. मग नाळेच्या टोकापासून ट्रान्समच्या मध्यापर्यंत दोरा ताणायचा आणि प्रत्येक बल्कहेडच्या, म्हणजे पोटातल्या आडव्या भिंतीच्या, मध्यरेषेवर ओळंबा पडतो का ते बघायचं. नाळेपासून ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांची अंतरं सारखी हवीत, दोन-तीन मिलिमीटरच्या आत.

पीळ काढायला फार काही लागत नाही. ज्या कोपऱ्याला खाली यायचंय तिथे वजन, समोरच्याखाली पाचर, किंवा तिरका दोर बांधून त्यात काठी घालून आवळणं. मात्र लगेच पुढे जाऊ नये. एक रात्र तशीच ठेवावी, कारण ताणलेलं प्लायवूड हळूहळू जागा घेतं. सकाळी पुन्हा मोजावं. पिळलेली होडी तरंगते, चालतेही. पण डाव्या आणि उजव्या वाऱ्यावर ती वेगळी वागते, आणि नंतर शीड, डोलकाठी, सुकाणू, काहीही बदललं तरी ते वागणं जात नाही.

इपॉक्सीचे नियम थोडे आणि कडक आहेत. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं, कुठे २ ला १, कुठे ५ ला १. ते मापाचं आहे की वजनाचं हे नीट वाचावं, दोन्ही सारखी नसतात. हार्डनर जास्त घातला म्हणून इपॉक्सी लवकर घट्ट होत नाही. जादा हार्डनरला जोडीदार मिळत नाही आणि तो भाग कायमचा चिकट, मऊ राहतो. वेग बदलायचा तर वेगळा हार्डनर घ्यायचा. मिश्रण पेल्यात ठेवलं की स्वतःच्याच उष्णतेनं तापतं आणि धूर काढून दगड होतं. उथळ ताटलीत पसरलं तर कितीतरी जास्त वेळ मिळतो. तापमान दहा अंशांनी वाढलं तर हातातला वेळ ढोबळमानानं निम्मा होतो. नायट्राइलचे हातमोजे सुरुवातीपासून घालावेत. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू साठत जाते आणि एकदा जडली की सुटत नाही. कातडीवर सांडली तर साबण-पाणी वापरावं. थिनर तिला कातडीच्या आत नेतो.

चिकटवताना आधी दोन्ही पृष्ठभागांवर नुसती पातळ इपॉक्सी फिरवायची, विशेषतः प्लायवूडच्या कडांवर, त्या खूप पितात. मग सिलिका, म्हणजे दाटपणा आणणारी बारीक भुकटी, घालून घट्ट केलेली लावायची. क्लॅम्प बेतानं आवळायचा. सुतारकामात सांधा जितका घट्ट तितका चांगला असं आपण शिकतो. इपॉक्सीला मात्र थोडी फट हवी असते. करकचून आवळलं तर सगळी इपॉक्सी बाहेर येते आणि कोरडा सांधा राहतो.

आतल्या कोपऱ्यांत गोलाकार भरण करतात, तिला फिलेट म्हणतात. इपॉक्सीत लाकडाचं बारीक पीठ आणि थोडी सिलिका मिसळायची. काठी वर उचलल्यावर राहिलेलं टोक कललं नाही की घट्टपणा बरोबर. सूक्ष्म पोकळ गोळ्यांची हलकी भुकटी इथे वापरू नये, ती घासायला सोपी असते म्हणून बाहेरच्या सफाईसाठी ठीक, पण तिच्यात ताकद नाही. आधी फक्त तारांच्या मधल्या जागांत छोटे छोटे ठिपके द्यायचे. ते घट्ट झाले की तारा कापून ओढून काढायच्या. एखादी अडकली तर सोल्डरिंग आयर्ननं तापवली की सुटते. ठिपके देण्याआधी पुन्हा एकदा त्या तीन पट्ट्या टाकून बघाव्यात, कारण पीळ काढायची ही अगदी शेवटची संधी.

मग सलग फिलेट. सहा मिलिमीटरच्या प्लायवूडला २० ते २५ मिलिमीटर त्रिज्या पुरते. मोठी फिलेट म्हणजे जास्त ताकद नव्हे, जास्त वजन. गोल टोकाची काठी एकाच दाबानं, न थांबता कोपऱ्यातून ओढायची. दोन्ही बाजूंना उरलेला पातळ थर एक-दोन तासांनी, नख लावलं तर खूण उमटते पण बोटाला चिकटत नाही अशा अवस्थेत, बोथट पटाशीनं उचलला तर सालीसारखा निघतो. दुसऱ्या दिवशी त्याच कामाला सँडपेपर आणि अख्खी दुपार लागते. याच अवस्थेत वरून ७५ मिलिमीटर रुंदीची काचतंतूची पट्टी बसवावी. खालची इपॉक्सी अजून पूर्ण घट्ट झालेली नसते, त्यामुळे दोन्ही थर रासायनिकदृष्ट्या एकजीव होतात. उशीर झाला तर पृष्ठभागावर मेणचट थर येऊ शकतो. तो आधी साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुवायचा, मग सँडपेपर. उलट केलं तर मेण खरडीत शिरतं आणि पुढचा थर धरत नाही.

बाहेरून तळ आणि बाजू मिळतात त्या कडा पाच-सहा मिलिमीटर त्रिज्येत गोल कराव्या लागतात. काचतंतू टोकदार कडेवर वळत नाही, उचलला जातो आणि खाली हवा राहते. चौरस मीटरला २०० ग्रॅमचं कापड तळाला भरपूर झालं. लाकडाला पहिला हात देताना वेळ संध्याकाळची निवडावी. दिवस चढताना लाकूड तापतं, त्यातली हवा प्रसरण पावते आणि ओल्या इपॉक्सीत बुडबुडे उठतात. तापमान उतरत असताना तीच हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढली जाते. एवढा साधा बदल, पण सगळा पृष्ठभाग बदलून टाकतो.

सगळ्यात जास्त गळती कुठून होते? तळातून क्वचित. डॅगरबोर्डच्या पेटीच्या बुडातून. डॅगरबोर्ड म्हणजे तळातून खाली सरकवायचं पातं, ते नसेल तर होडी वाऱ्याबरोबर आडवी वाहत जाते. त्याची पेटी एकदा जोडली की आत ब्रश जात नाही. म्हणून दोन्ही भिंतींना आतून कापड आणि इपॉक्सीचे तीन हात जोडण्याआधीच द्यायचे. आतली फट पात्याच्या जाडीपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त ठेवायची, रंगाची जाडी आणि वाळूचे कण दोन्ही त्यात मावले पाहिजेत. तळाला पाडलेल्या खाचेच्या कडेला प्लायवूडचे थर उघडे पडतात, ते पिणं थांबवेपर्यंत पातळ इपॉक्सी पाजायची. आणि पेटीची वरची कड पाण्याच्या पातळीच्या चांगली वर हवी. होडी उलटून पाण्यानं भरली आणि ही कड बुडाली, तर उपसलेलं पाणी पेटीतून तेवढ्याच वेगानं परत येतं. मग उपसणं व्यर्थ.

पातं प्लायवूडचं करू नये. त्याचे निम्मे थर आडवे असतात, वाकवणाऱ्या जोरापुढे ते उपयोगी पडत नाहीत. सरळ धाग्याच्या लाकडी पट्ट्या, एक सुलट एक उलट ठेवून चिकटवल्या तर पातं वळत नाही. २०० मिलिमीटर रुंद पात्याला नाका ००१२ हा पात्याच्या काटछेदाचा ठरलेला आकार दिला तर जास्तीत जास्त जाडी २४ मिलिमीटर येते, आणि ती पुढच्या कडेपासून ६० मिलिमीटरवर. पुढची कड गोल, मागची निमुळती. मागची कड सुरीसारखी धारदार करू नये, दोन मिलिमीटर ठेवावी, नाहीतर पहिल्या खडकाला ती चिंबते.

तरंगण्यासाठी पुढे आणि मागे बंद कप्पे असतात. एका लिटरला एक किलो हा हिशेब. होडीचं लाकूड पाण्यापेक्षा हलकं असल्यानं ती बुडत नाही, पण भरलेली होडी उपसता येईल इतकी वर राहिली पाहिजे. बाजूचे कप्पे फार मोठे केले तर आडवी पडलेली होडी उंच तरंगते, वाऱ्यानं पोहणाऱ्यापासून दूर जाते आणि पूर्ण उलथायलाही वेळ लागत नाही. कप्प्यांच्या आत झाकण बसण्यापूर्वी इपॉक्सीचे दोन हात द्यायचे. इथेही नंतर हात पोचत नाही.

डोलकाठी, शीड यांवर स्वतंत्र लिहावं इतकं आहे. पहिल्या होडीला ताणदोर नसलेली डोलकाठी आणि चौकोनी लग शीड, म्हणजे वरच्या कडेला तिरकी काठी असलेलं शीड, मला सगळ्यांत योग्य वाटतं. डोलकाठी मोडते ती डेकमधून वर येते तिथे, म्हणून त्या हातभर लांबीत एकही गाठ नको. शिडाची पुढची कड खाली ओढणारा दोर घट्ट हवा. वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून खालच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी सुरकुती दिसली तर तो सैल आहे असं समजावं. सुकाणूचा दांडा सोडल्यावर होडीनं हळूच वाऱ्याकडे वळून थांबलं पाहिजे. ती वाऱ्यापासून दूर पळत असेल तर हातातून निसटल्यावर वेग धरत जाईल. तेव्हा शीड थोडं मागे बांधावं. उलट ती वाऱ्याकडे जोरानं ओढत असेल, हात दुखेपर्यंत, तर पुढे. दहा सेंटीमीटरनं खूप फरक पडतो.

इपॉक्सी ऊन सहन करत नाही, काही महिन्यांत खडूसारखी होते. त्यामुळे सगळीकडे रंग, आणि लाकूड दाखवायचंच असेल तिथे अतिनील किरण अडवणारं व्हार्निश, पाच-सहा हात.

पहिल्यांदा पाण्यात नेल्यावर शीड उभारण्याआधी, कमरेइतक्या पाण्यात, तिला मुद्दाम आडवी पाडावी. सोबत कुणीतरी हवं आणि अंगात लाइफ जॅकेट. पात्यावर उभं राहून ती सरळ होते का, भरलेलं पाणी उपसलं जातं का, सुकाणू कड्यांतून निसटून जातं का, हे तिथेच कळतं. किनाऱ्यावर आल्यावर कप्प्यांची झाकणं उघडून आत कोरडं फडकं फिरवायचं. ओलं निघालं तर गळती शोधायला कप्प्यात हळूच फुंकून बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा येईल तिथे भोक. पंप लावू नये, थोड्याशा दाबानंही पातळ प्लायवूडचे सांधे उकलतात.

होडी ठेवताना पालथी ठेवायची आणि झाकणं उघडी. बंद कप्प्यातली हवा उन्हात तापून सांध्यांवर जोर देते, आणि आत कोंडलेली ओल लाकूड कुजवते. खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेलं पावसाचं पाणी प्लायवूडला जास्त मारक असतं, कारण कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. दर हंगामात डोलकाठीच्या खोबणीतलं पाणी वाहून जाण्याचं भोक तारेनं मोकळं करावं आणि तळाच्या ओरखड्यांत लाकूड उघडं पडलं असेल तर ते पूर्ण सुकवून, घासून, इपॉक्सीचा हात द्यावा.